परवानग्या बंद केल्या तरी फोनवर कंपनीचा ताबा कुठवर राहतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा फोन घेतल्यावर पहिल्याच दिवशी एकेका अ‍ॅपच्या परवानग्या तपासल्या, नको त्या काढून टाकल्या, लोकेशन बंद ठेवलं, कंपनीला 'वापराची माहिती' पाठवण्याचं बटणही बंद केलं. काही महिन्यांनी मोठं अपडेट आलं. त्यानंतर एक नवं अ‍ॅप आपोआप येऊन बसलं, ते काढता येत नाही, आणि बंद केलेलं ते बटण पुन्हा चालू दिसलं. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या या फोनवर मग माझा ताबा किती आणि कंपनीचा किती?

मी बरीच वर्षं फोनची दुरुस्ती आणि फर्मवेअरचं, म्हणजे फोनच्या आत बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचं, काम करतो. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे सतत येतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी सरळ उत्तर: तुम्ही बदललेल्या सेटिंग्ज बाहेरून आलेल्या अ‍ॅपना आवर घालतात. फोन बनवणारी कंपनी आणि ऑपरेटिंग सिस्टिम देणारी कंपनी त्या सेटिंग्जच्या खालच्या थरात असते. परवानगी विचारणारी ती चौकट तिनेच लिहिलेली असते, त्यामुळे स्वतःच्या कामासाठी तिला ती चौकट दाखवावीच लागते असं नाही. तुम्ही केलेलं वाया गेलेलं नाही, ते करायलाच हवं होतं. पण त्याने उत्तर मिळतं ते 'या अ‍ॅपला माझे फोटो दिसतात का' या प्रश्नाचं. 'हा फोन कोणाचं ऐकतो' हा प्रश्न वेगळा आहे.

तो दुसरा प्रश्न समजण्यासाठी फोन चालू होतानाचे पहिले काही क्षण पाहायला हवेत. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी प्रोसेसरच्या आतला एक छोटा प्रोग्राम चालतो. तो चिपमध्येच कोरलेला असतो, कोणालाही बदलता येत नाही. कंपनीच्या डिजिटल किल्लीची (फक्त तिच्याकडे असलेल्या गुप्त संख्येची) ओळख पटवणारी खूण चिपमध्ये कायमची जाळून बसवलेली असते. हा प्रोग्राम पुढच्या टप्प्यावरची, म्हणजे बूटलोडर या सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामवरची, डिजिटल सही त्या खुणेशी जुळवून पाहतो. जुळली तर पुढे जातो, नाहीतर थांबतो. बूटलोडर मग याच पद्धतीने कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आणि सिस्टिमची सही तपासतो. या साखळीत तुमचा पासवर्ड, तुमचं बोट, तुमचा चेहरा कुठेच येत नाही. ते सगळं नंतर. फोनवर कोणती सिस्टिम चालणार हे सही करणारी गुप्त किल्ली ठरवते आणि ती किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. तुम्हाला विकलेल्या डब्यात ती नसते.

काही कंपन्या बूटलोडर उघडू देतात, म्हणजे 'माझी सही नसलेली सिस्टिमसुद्धा चालव' असं फोनला सांगण्याची सोय ठेवतात. गुगलच्या पिक्सेलवर, मोबाइल सेवा कंपनीने बांधलेला फोन नसेल तर, ही सोय आहे. ह्युआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं बंद केलं. सॅमसंगच्या ज्या फोनवर अनलॉक करता येतं, तिथे परकी सिस्टिम एकदा चालवली की आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज जळतो. नंतर मूळ सिस्टिम परत टाकली तरी तो पूर्ववत होत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या (खाजगी फायली वेगळ्या कुलपात ठेवणाऱ्या) सोयी त्या फोनवर कायमच्या जातात. आयफोनवर अधिकृत मार्गच नाही.

या किल्लीच्या जोरावर कंपन्यांनी आजवर काय काय केलं, ते उघड्या नोंदींतून पाहता येतं.

ॲपलने २०१७ च्या सुरुवातीला एका अपडेटमधून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी करणारा भाग घातला. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं: थकलेली बॅटरी अचानक वाढलेली मागणी झेपवू शकत नाही आणि फोन धाडकन बंद पडतो. पण हे वापरणाऱ्याला सांगितलं नव्हतं. स्वतंत्रपणे वेग मोजणाऱ्यांनी आकडे मांडले, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबुली दिली. मधल्या काळात कितीतरी लोकांनी 'फोन जुना झाला' असं समजून नवा घेतला असेल, खरी गरज फक्त बॅटरी बदलण्याची होती. फ्रान्समध्ये २०२० साली २.५ कोटी युरोंचा दंड झाला तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. अमेरिकेत त्याच वर्षी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

सप्टेंबर २०१८ मध्ये अनेक पिक्सेल आणि इतर काही अँड्रॉइड फोनवर बॅटरी सेव्हर आपोआप चालू झाला. गुगलने सांगितलं की हा आतला प्रयोग होता आणि चुकून जास्त लोकांपर्यंत गेला. सेटिंग मूळ जागी आणून त्यांनी माफीही मागितली. नुकसान काही झालं नाही. तरी मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या हातातल्या फोनची सेटिंग दुरून, अपडेटशिवाय, प्रयोग म्हणून बदलता येते हे त्यातून सगळ्यांना दिसलं. तुमचं बंद केलेलं बटण पुन्हा चालू कसं झालं, याचं उत्तर याच जातीचं आहे. अपडेटमध्ये ती सेटिंग नव्या नावाने किंवा नव्या रचनेत आली, जुनी निवड पुढे नेली गेली नाही आणि नव्या सेटिंगचं मूळ मूल्य 'चालू' होतं, असंच बहुधा घडलं असेल. मुद्दाम केलं की निष्काळजीपणाने, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही. मात्र अशा वेळी मूळ मूल्य 'चालू' ठेवणं हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि त्याला मी चुकीचाच म्हणेन.

बॅटरीचीच आणखी दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतो. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ ला आगी लागत होत्या. फोन परत मागवले, तरी काही लोक ते वापरत राहिले. तेव्हा कंपनीने अपडेट पाठवून आधी चार्जिंग ६० टक्क्यांवर अडवलं आणि पुढे अमेरिकेसह काही ठिकाणी चार्जिंगच बंद केलं. हे मला मान्य आहे. धोका खरा होता, तो जाहीरपणे सांगितला होता आणि पूर्ण पैसे परत मिळत होते. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ४ए ला असंच आपोआप बसणारं अपडेट पाठवलं. या फोनची अपडेट २०२३ मध्येच थांबली होती. नव्या अपडेटनंतर काही फोनची बॅटरी निम्म्या वेळातही संपायला लागली. सुरुवातीला कारण दिलं गेलं ते बॅटरीची स्थिरता सुधारण्याचं, एवढंच. मोफत बॅटरी बदलून मिळण्याचा किंवा थोडे पैसे घेण्याचा पर्याय होता, हे खरं. पण जुन्या सिस्टिमच्या फायली कंपनीच्या पानावरून काढून टाकल्या होत्या, म्हणजे मागे फिरायचा रस्ता बंद. दोन्ही वेळा हत्यार एकच वापरलं गेलं. फरक होता तो सांगण्यात आणि परतीची वाट ठेवण्यात. कोणतीही कंपनी जोखायची असेल तर मी याच दोन गोष्टी पाहतो.

दुरून अ‍ॅप काढून टाकण्याची सोयही पहिल्यापासून आहे. ॲपलने ती २००८ मध्ये मान्य केली होती. गुगलने २०११ मध्ये ड्रॉइडड्रीम नावाचं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) लोकांच्या फोनमधून याच सोयीने उपटून काढलं. हप्त्यांवर घेतलेला फोन हप्ता चुकल्यास दुरून कुलूपबंद करणारं अ‍ॅपही अँड्रॉइडवर आहे. हप्त्यांवर फोन घेत असाल तर करारात त्याचा उल्लेख शोधा.

आता माहितीकडे. कामाच्या टेबलावर मी एक प्रयोग अधूनमधून करतो, तो तुम्हालाही जमेल. फोन पूर्ण रीसेट करायचा. सिम नाही, खातं नाही, सेटअपमध्ये विचारतील त्या सगळ्याला नकार. मग फक्त वायफायला जोडून स्क्रीन बंद करून रात्रभर ठेवून द्यायचा आणि राउटरवर त्याने कोणकोणत्या पत्त्यांची विचारणा केली याची नोंद ठेवायची. सकाळी यादी वाचायला बसलं की पहिल्या काही ओळी साध्या निघतात: घड्याळ जुळवायचा सर्व्हर, 'इंटरनेट खरंच चालू आहे का' हे पाहणारी छोटी विनंती, अपडेटची चौकशी. मग फोन कंपनीचे पत्ते येतात, ज्यांच्या नावातच 'लॉग', 'डेटा', 'ट्रॅकिंग' असे शब्द असतात. कधी आधीच टाकलेल्या एखाद्या तिसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपचे पत्तेही दिसतात, जे अ‍ॅप मी एकदाही उघडलेलं नसतं. आत काय गेलं ते सांकेतिक रूपात असल्याने दिसत नाही. पण फोनला रात्रभर कोणी हात लावलेला नसतो, आणि तो किती वेळा आणि कोणाशी बोलला ते स्पष्ट दिसतं.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये हेच काम शास्त्रशुद्ध पद्धतीने आणि आतला मजकूर उलगडून केलं. आयफोन आणि गुगलची अँड्रॉइड असलेला फोन, दोन्ही पडून असतानाही सरासरी साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क करत होते. हँडसेटची ओळख सांगणारा आयएमईआय क्रमांक, सिमची माहिती अशा गोष्टी त्यात होत्या. पडून असताना गुगलकडे १२ तासांत सुमारे १ एमबी जात होतं, ॲपलकडे सुमारे ५२ केबी. गुगलने त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, हेही नमूद करतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत सॅमसंग, शाओमी, रिअलमी आणि ह्युआवे यांचे फोन होते. तिथे शाओमीचा फोन कोणतं अ‍ॅप कधी आणि किती वेळ उघडं होतं याची नोंद कंपनीला पाठवताना आढळला. /ई/ओएस ही पर्यायी सिस्टिम मात्र जवळजवळ काहीच पाठवत नव्हती. म्हणजे फोन चालण्यासाठी एवढी माहिती पाठवणं अपरिहार्य आहे, हा दावा टिकत नाही.

'बंद' लिहिलेल्या बटणाने नेमकं काय बंद होतं, हेही तपासावं लागतं. गुगलचं 'लोकेशन हिस्टरी' थांबवल्यावरही दुसऱ्याच एका सेटिंगखाली ठिकाणांची नोंद होत राहते, हे असोसिएटेड प्रेसने ऑगस्ट २०१८ मध्ये उघड केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड झाली. व्हीपीएनचंही (फोनचं सगळं इंटरनेट एका सुरक्षित बोगद्यातून नेणारी सोय) तसंच. २०२२ मध्ये संशोधकांना आढळलं की आयफोनवर ॲपलच्या स्वतःच्या काही सेवा व्हीपीएनच्या बोगद्याबाहेरून बोलतात, आणि अँड्रॉइडवर 'व्हीपीएनशिवाय काहीही जाऊ देऊ नको' असं सांगूनही इंटरनेट तपासणारी विनंती बाहेरून जातेच. खालच्या थरात बसलेला वरच्या थराचे नियम स्वतःला लावून घेत नाही, हे इथे अगदी उघड दिसतं.

मला जास्त काळजी वाटते ती याच्याही पुढच्या गोष्टीची. खालच्या थरात फक्त फोनवर नाव असलेली कंपनी नसते. स्वस्त फोनमध्ये अपडेट पोहोचवण्याचं काम बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं. २०१६ मध्ये क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीने ब्लू नावाच्या ब्रँडच्या फोनमध्ये अ‍ॅडअप्स या अपडेट कंपनीचं फर्मवेअर पकडलं. ते लोकांच्या मेसेजचा पूर्ण मजकूर आणि कॉलची नोंद दर ७२ तासांनी चीनमधल्या सर्व्हरवर पाठवत होतं. ते सिस्टिमचाच भाग असल्यामुळे परवानगीचा प्रश्न आलाच नाही आणि अँटिव्हायरसने त्याला विश्वासू मानलं. ज्या वाटेने सुरक्षेचं अपडेट येतं, त्याच वाटेने हेही आलं.

इथे कोणी म्हणेल, मग अपडेटच बंद ठेवू. तसं करू नका. कळकळीने सांगतो, कारण अपडेट न केलेले फोन हॅक होऊन माझ्या टेबलावर येताना मी पाहिले आहेत. या सह्यांच्या साखळीमुळेच चोराला तुमच्या फोनमध्ये स्वतःची सिस्टिम घालता येत नाही. चोरलेला आयफोन मालकाच्या पासवर्डशिवाय पुन्हा चालू होत नाही, हेही याच ताब्याचं फळ.

पण किल्ली एकदा अस्तित्वात असली की ती मागणारेही येतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो इथल्या हल्ल्यातल्या हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडण्यासाठी एफबीआयने न्यायालयाकडून आदेश मिळवला: ॲपलने पासकोडची बंधनं सैल करणारी खास सिस्टिम लिहून तिच्यावर सही करावी. सिस्टिम लिहिण्यापेक्षा सही महत्त्वाची होती, कारण सहीशिवाय तो फोन ती चालवणारच नव्हता. ॲपलने नकार दिला आणि मार्चमध्ये सरकारनेच दुसरा मार्ग सापडल्याचं सांगून मागणी मागे घेतली. त्या वेळी कंपनी ठाम राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर ॲपलने आयक्लाउडचं संपूर्ण एन्क्रिप्शन (माहिती फक्त तुम्हालाच वाचता येईल असं कुलूप) देणारी 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' ही सोय ब्रिटनमधल्या नव्या वापरकर्त्यांना देणं थांबवलं. म्हणून मी 'कंपनी चांगली आहे ना' एवढ्यावर समाधान मानत नाही. तिच्याजवळ नसलेली किल्ली कोणीच मागू शकत नाही. आयक्लाउडची ही सोय तुमच्याकडे उपलब्ध असेल तर ती चालू करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून जपून ठेवा. ती हरवली तर कंपनीलाही तुमची माहिती परत आणता येणार नाही, आणि ती सुरक्षित असण्याचं कारणही हेच आहे.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. एकाच मॉडेलचे दोन फोन, दोन्हींचे भाग कंपनीचेच. एकाचा स्क्रीन फुटलेला, दुसऱ्याचा बोर्ड गेलेला. मी चांगला स्क्रीन काढून चांगल्या बोर्डावर लावला. चित्र उत्तम आलं, पण प्रकाशाप्रमाणे उजेड कमी-जास्त होणं बंद पडलं आणि 'हा भाग ओळखता येत नाही' असा संदेश सेटिंगमध्ये कायमचा बसला. स्क्रीनमधल्या चिपचा क्रमांक बोर्डाशी बांधलेला होता आणि ती गाठ बदलण्याची परवानगी कंपनीच्या सर्व्हरकडे होती. तो फोन ज्यांचा होता त्यांना मी हे समजावत होतो, आणि मला पटणारं कारण माझ्याकडेच नव्हतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून नव्या फोनवर अशी अडवणूक करायला बंदी घातली आहे.

आता तुम्ही काय करावं. खरा ताबा फोन घेण्याआधी ठरतो, म्हणून पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी तीन गोष्टी विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार, बूटलोडर उघडता येतो का, आणि कंपनीची आधीच टाकलेली किती अ‍ॅप पूर्ण काढता येतात. पिक्सेल ८ पासून गुगल आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंग वरच्या श्रेणीत ७ वर्षांचं आश्वासन देतात. आयफोनलाही प्रत्यक्षात दीर्घकाळ अपडेट मिळतात.

पर्यायी सिस्टिमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पत्रकार, वकील, कार्यकर्ते, ज्यांच्या फोनवर इतरांची सुरक्षितता अवलंबून आहे, त्यांनी पिक्सेल घेऊन ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी, अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टिम बसवण्याचा गांभीर्याने विचार करावा. ती बसवल्यावर बूटलोडर तिच्या किल्लीने पुन्हा बंद करता येतो, म्हणजे सह्यांची साखळी शाबूत राहते. बूटलोडर उघडाच ठेवून एखादी सिस्टिम वापरणं मी कोणालाही सुचवत नाही, कारण कंपनीचा ताबा काढताना चोराला दार उघडं ठेवल्यासारखं होतं. आणखी एक अडचण आधीच माहीत असू द्या: बँकांची काही अ‍ॅप गुगलला 'हा फोन मूळ स्थितीत आहे का' असं विचारतात आणि उत्तर 'नाही' आलं की चालत नाहीत. फोन त्या सिस्टिमवर जास्त सुरक्षित असला तरी.

बाकी सगळ्यांनी आहे त्या फोनवर एक संध्याकाळ द्यावी. जाहिरातीचा ओळख क्रमांक अँड्रॉइड १२ पासून कायमचा पुसता येतो, तो पुसा. आयफोनवर ट्रॅकिंगची विनंती करण्याचीच परवानगी अ‍ॅपना नाकारा. गुगल खात्यात 'वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' आणि 'टाइमलाइन' (पूर्वीची 'लोकेशन हिस्टरी') दोन्ही वेगवेगळ्या पाहा, एक बंद केल्याने दुसरी बंद होत नाही. अँड्रॉइड ९ पासून असलेल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये (वेबसाइटचे पत्ते कोणाकडून शोधायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) जाहिरात अडवणारी विश्वासू सेवा घाला, बरीच कटकट तिथेच थांबते. कंपनीच्या ब्राउझर, कीबोर्ड आणि गॅलरीच्या जागी दुसरी अ‍ॅप घ्या. कीबोर्ड सर्वांत आधी बदला, कारण तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द त्यातून जातो.

आणि ते न काढता येणारं अ‍ॅप. त्याच्या माहितीच्या पानावर 'अनइन्स्टॉल' ऐवजी 'डिसेबल' दिसत असेल तर ते दाबा. अ‍ॅप जागा अडवेल पण चालणार नाही. तेही राखाडी असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबी या अधिकृत साधनाने ते तुमच्या वापरकर्त्यापुरतं काढता येतं. मूळ प्रत सिस्टिमच्या भागात राहते, म्हणून फॅक्टरी रीसेट केल्यावर ते परत येईल आणि एखाद्या मोठ्या अपडेटनंतरही येऊ शकतं. नावावरून अंदाज बांधून काहीही काढू नका. फोन किंवा सिम सांभाळणारा भाग गेला तर फोन नीट चालणार नाही, कदाचित चालूच होणार नाही. आधी बॅकअप घ्या, एका वेळी एकच अ‍ॅप काढा आणि दोन दिवस वापरून पाहा. आज बंद केलेल्या सगळ्या बटणांचे स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढचं मोठं अपडेट बसलं की ते उघडून एकेक सेटिंग ताडून पाहा. मी माझ्या स्वतःच्या फोनवर प्रत्येक वेळी हेच करतो आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात.